आरशात बघून जिंकायची शर्यत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: फेब्रुवारी २०२५ मधली डेटोनाची नॅस्कार (अमेरिकेतली मोटारशर्यती भरवणारी संस्था) ट्रक शर्यत पाहिली. सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून गोल फिरतात, कोणी कोणाला फारसं मागे टाकत नाही, शेवटच्या काही फेऱ्यांत धडाधड आपटतात आणि जो वाचतो तो जिंकतो. यात ड्रायव्हरचं कौशल्य कुठे आलं? आणि रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्या पार्कर क्लिगरमनचा विजय त्याच रात्री काढून घेऊन कोरी हाइमला का दिला?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: गाडीच्या मागच्या टोकाला. मी अमेरिकेतल्या शार्लटच्या परिसरात ट्रक संघांसाठी शर्यत-अभियंता म्हणून काम करतो, आणि नव्या ड्रायव्हरला आमच्याकडे पहिल्यांदा हेच सांगितलं जातं की सुपरस्पीडवेवर, म्हणजे डेटोनासारख्या लांब आणि अतिवेगवान ट्रॅकवर, समोरच्या काचेतून फक्त दिशा कळते, शर्यत आरशात चालू असते. तुम्ही टीव्हीवर बघता तेव्हा कॅमेरा पहिल्या गाडीवर असतो, म्हणून काही घडत नाही असं वाटतं. घडत असतं ते तिच्या मागे.

आधी एक खुलासा, कारण आपल्याकडे ‘ट्रक शर्यत’ म्हटलं की २०१४ पासून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या टाटा प्रायमाच्या अवजड ट्रकांच्या शर्यती आठवतात. हे ते ट्रक नव्हेत. अमेरिकेत मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात, आणि ही शर्यत शेवरोले सिल्वरॅडो, फोर्ड एफ-१५०, टोयोटा टंड्रा आणि २०२६ पासून रॅम यांच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांची आहे. ‘दिसणाऱ्या’ हे जाणूनबुजून म्हटलं. आत नळ्यांची चौकट, व्ही-८ इंजिन, एकच सीट. शोरूममधल्या गाडीशी नातं फक्त चेहऱ्याचं. ही मालिका १९९५ साली सुरू झाली. पहिली शर्यत फेब्रुवारीत फिनिक्सला झाली, ती माइक स्किनरने जिंकली आणि वर्षअखेरीस पहिलं विजेतेपदही त्यानेच घेतलं. सुरुवातीच्या काळात या शर्यती छोट्या ट्रॅकवर व्हायच्या आणि पिट स्टॉपऐवजी, म्हणजे इंधन-टायरसाठी शर्यतीत मध्येच थांबण्याऐवजी, चक्क मध्यंतर असायचं. डेटोना या मालिकेच्या वेळापत्रकात आलं २००० साली, आणि टॅलाडेगा २००६ साली.

आता ट्रॅक. फ्लोरिडातलं डेटोना २.५ मैलांचं, म्हणजे साधारण ४ किलोमीटरचं आहे आणि वळणांवर ३१ अंशांचा उतार आहे. अलाबामातलं टॅलाडेगा २.६६ मैलांचं, उतार ३३ अंशांचा. हा उतार इतका तीव्र आहे की त्यावर पायी चढताना हात टेकावे लागतात. त्याचा परिणाम असा की गाडी वळणात घसरत नाही, उलट उतारात दाबली जाते, आणि म्हणून ड्रायव्हरला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचं कारणच उरत नाही. पूर्ण फेरी पाय तळाला टेकलेला. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, एक फेरी पाऊण मिनिटाहून थोडी जास्त.

याहून वेगात जाऊ देत नाहीत, आणि त्यामागे इतिहास आहे. १९८७ साली टॅलाडेगाला कप मालिकेच्या, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या, पात्रता फेरीत बिल एलियटने ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला. त्याच आठवड्याच्या शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीत शिरली. तेव्हापासून या दोन ट्रॅकवर इंजिनाकडे जाणारी हवा मुद्दाम अडवली जाते. आजच्या ट्रकमध्ये त्यासाठी हवेच्या मार्गात निमुळत्या छिद्रांचा एक जाड ठोकळा बसवतात. हवा कमी, म्हणून ताकद कमी. सगळ्यांची ताकद जवळपास सारखी आणि सगळ्यांचा पाय तळाला. मग पुढच्याला मागे टाकायला जादा जोर आणायचा कुठून? इंजिनातून तो मिळणारच नाही. उरते हवा.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर मोटारसायकलवरून मोठ्या ट्रकच्या मागे गेला असाल तर वारा एकदम पडल्याचं जाणवलं असेल, आणि ट्रकच्या बाजूला आल्याबरोबर तोच वारा थोबाडीत बसल्यासारखा येतो. एवढा अनुभव या शर्यतीची निम्मी समज देऊन जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३०० च्या वेगाला इंजिनाची बहुतेक ताकद हवा फाडण्यात जाते. पुढची गाडी हवा फाडते, तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि त्यात शिरलेल्या गाडीला तोच वेग कमी कष्टात मिळतो.

पण फायदा पुढच्या गाडीलाही होतो, आणि बघणाऱ्याच्या लक्षात बहुधा हेच येत नाही. तिच्या मागचा कमी दाब तिला मागे ओढत असतो. मागून दुसरी गाडी येऊन ती पोकळी भरते, तेव्हा ती ओढ कमी होते. म्हणून दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा जोरात जातात आणि आठ गाड्यांची सलग रांग दोघींपेक्षा जोरात. एकटी पडलेली गाडी कितीही चांगली असो, काही फेऱ्यांत दिसेनाशी होते. म्हणजे पहिल्या नंबरवर असलेल्या माणसाचा वेग त्याच्या हातात नसतो. तो दुसऱ्या नंबरवाल्याच्या मर्जीवर असतो.

ट्रकच्या बाबतीत हे सगळं अधिक तीव्र होतं, कारण गाडीचा आकारच ओबडधोबड. कारचं छप्पर मागे हळूहळू उतरत जातं. ट्रकची केबिन उभी, मागे एकदम संपते, पुढे झाकलेला सपाट हौदा आणि त्याच्या टोकाला स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणारी उभी पट्टी. केबिनवरून आलेली हवा हौद्यावर कोसळते, तिथे घुटमळते आणि मग स्पॉयलरवर येते. परिणामी ट्रक हवेत मोठं भगदाड पाडतो. मागच्याला ओढ जास्त लागते, आणि पुढच्याच्या शेपटीवरची हवा विस्कटवणं सोपं जातं. नाक रुंद आणि उभं असल्यामुळे दोन ट्रकांच्या मध्ये हवेची गादीही दाट बनते. मागचा ट्रक अगदी जवळ आला की ती गादी दाबली जाते आणि बंपर लागण्याआधीच पुढच्याला ढकलायला लागते. ती गादी फोडून बंपर टेकवायचा की तिच्या जोरावरच ढकलत राहायचं, हा निर्णय मागचा ड्रायव्हर दर फेरीत कितीतरी वेळा घेत असतो.

आता ‘कोणी कोणाला ओलांडत नाही’ या तक्रारीकडे येऊ. समजा दोन रांगा आहेत, आतली आणि बाहेरची. तुम्ही बाहेरच्या रांगेच्या तोंडाशी आहात. आरशात दिसतं की आतल्या रांगेत तिसऱ्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने पहिल्याला ढकललंय. ती रांग तुमच्यापेक्षा थोडी जास्त वेगाने येतेय. तुमच्याकडे दोन पर्याय. एक, पटकन खाली उतरून त्या रांगेच्या तोंडाशी जायचं, म्हणजे तो धक्का तुम्हालाच मिळेल. दुसरा, आहात तिथेच राहायचं आणि त्यांचा पहिला ट्रक बाजूला आला की त्याच्या शेपटीला बिलगून जायचं.

यातला दुसरा पर्याय म्हणजे साइड ड्राफ्ट, आणि टीव्हीवर हा सहसा दिसत नाही. तुमचं नाक त्याच्या मागच्या चाकापाशी आणलं की तुमच्या नाकावरून बाजूला फेकलेली हवा त्याच्या स्पॉयलरवर आदळते. त्याला ब्रेक लागल्यासारखं होतं, तुम्ही थोडे सुटता. मग तो तेच तुम्हाला करतो. बाजूबाजूने चाललेले दोन ट्रक एकमेकांकडे किंचित झुकलेले दिसले की समजायचं, हे चाललंय. ट्रकची बाजू भिंतीसारखी सपाट असल्यामुळे या खेळाचा परिणाम कारपेक्षा ठळक जाणवतो.

पहिला पर्याय, म्हणजे आडवं जाणं, जास्त धोक्याचा. येणाऱ्या रांगेचा वेग तुमच्यापेक्षा ताशी पाच-दहा किलोमीटरने जास्त असेल तर तुमच्या हातात जेमतेम सेकंद-दीड सेकंद असतो. वेळेत गेलात तर तुम्ही पुढारी. अर्धा सेकंद उशीर झाला तर मागच्याचा बंपर तुमच्या मागच्या कोपऱ्यात बसतो. डाव्या कोपऱ्यात बसला की नाक उजवीकडे वळतं आणि समोर भिंत येते. उजव्या कोपऱ्यात बसला की गाडी गिरकी घेत आतल्या गवताकडे. दोन्हीत तुमच्या मागे येणाऱ्या वीस जणांना वाट उरत नाही. तुम्ही ज्याला ‘धडाधड आपटणं’ म्हणता त्यातल्या बहुतेक घटनांचं मूळ एकतर असं उशिरा आडवं जाणं असतं, किंवा वळणात केलेला वाकडा धक्का.

धक्क्याबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण खरी कारागिरी तिथे आहे. सरळ पट्ट्यावर बंपरला बंपर बरोबर मध्ये टेकला की गाडी सरळ पुढे जाते. वळणात शिरताना मात्र पुढच्या गाडीची दिशा बदलत असते, उतारामुळे स्प्रिंग दबतात, गाडी खाली बसते, आणि मध्यावर असलेला धक्का आपोआप एका बाजूला सरकतो. शिवाय मागच्याने जवळ येऊन स्पॉयलरवरची हवा काढून घेतली की पुढच्याच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो. रेडिओवर तो ओरडतो, ‘लूज आहे!’, म्हणजे मागचा भाग निसटतोय. अनुभवी ड्रायव्हर वळणाच्या आधी धक्का सोडतो, वळण संपल्यावर पुन्हा लावतो. डेटोनाला आणखी एक फसवी जागा आहे. प्रेक्षागृहासमोरचा पट्टा सरळ नाही, मध्ये वाकलेला आहे, तिथला उतारही कमी म्हणजे १८ अंशांचा. बघणाऱ्याला तो सरळ वाटतो. नव्या ड्रायव्हरलाही वाटतो, आणि तो तिथे ढकलत राहतो.

ड्रायव्हरला मागचं सगळं आरशात दिसत नाही. डोक्याभोवती सीटचे पंख, गळ्याला हान्स या मान सांभाळणाऱ्या साधनाचा पट्टा, मान वळतच नाही. म्हणून प्रेक्षागृहाच्या छतावर प्रत्येक संघाचा स्पॉटर उभा असतो, हातात दुर्बीण, कानाला रेडिओ. तो अखंड बोलत असतो: बाहेर एक, दरवाजापाशी, मागच्या चाकापाशी, मोकळा, आत रांग येतेय, जोरात येतेय. यात त्याचा आवाज महत्त्वाचा. शब्द तेच असतात, पण तातडी आवाजातून कळते. चांगला स्पॉटर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या स्पॉटरशीही सौदे करतो: ‘तुझा माणूस आमच्या मागे राहील का?’ ड्रायव्हरांच्या मैत्र्या आणि खुन्नस त्या छतावर जुळतात, मोडतात. माझ्या मते सुपरस्पीडवेवर स्पॉटरचं वजन क्रू चीफपेक्षा, म्हणजे संघाच्या प्रमुखापेक्षा, जास्त असतं. संघातले सगळे हे मान्य करणार नाहीत, क्रू चीफ तर नाहीच.

मधल्या फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, आणि काही अंशी असतातही. डेटोनाची शर्यत १०० फेऱ्यांची, २५० मैलांची. २०१७ पासून ती टप्प्यांत विभागली आहे: वीस, वीस आणि उरलेल्या साठ. पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी पहिल्या दहांना गुण मिळतात, म्हणून तेवढ्यापुरती चकमक होते. टायर इथे फार झिजत नाहीत, त्यामुळे पिटमध्ये खरं काम इंधनाचं. एक गोष्ट मात्र बघण्यासारखी असते. हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात चालू असताना, पिटला जायचं तर सगळ्या टोयोटा एकत्र, सगळ्या शेवरोले एकत्र, फोर्ड एकत्र अशा टोळ्या करून जातात. कारण तेच: पिटमधून एकटा बाहेर पडलेला ट्रक हवेत एकटा पडतो आणि मागून येणारी मोठी रांग त्याला फेरीभर मागे टाकते. पिट लेनमध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा असते. ताशी ३०० किलोमीटरवरून तिथवर येताना मागच्या-पुढच्याने एकाच क्षणी ब्रेक लावले नाहीत तर गोंधळ तिथेच सुरू होतो.

आणखी एक दृश्य लोक चुकीचं वाचतात. रांगेतला एखादा ट्रक अचानक नाक थोडं बाहेर काढतो, परत आत घेतो. समालोचक म्हणतात, ओलांडायचा विचार आहे. बऱ्याचदा तो इंजिन थंड करत असतो. पुढच्याला चिकटून चाललं की ट्रकच्या नाकावरच्या जाळीत हवा शिरत नाही, पाण्याचं तापमान चढतं, म्हणून घोटभर ताजी हवा घ्यायला तो बाहेर डोकावतो.

मग शेवटच्या दहा फेऱ्यांतच सगळं का फुटतं? कारण तोवर रांगेत राहणं शहाणपणाचं असतं आणि त्यानंतर नसतं. पाचव्या नंबरवरच्याला ऐंशीव्या फेरीत रांग मोडून काही मिळत नाही. अठ्ठ्याण्णवाव्या फेरीत रांगेत राहिला तर तो पाचवाच येतो. सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी बदलतो. त्यात अपघात झाला की पिवळा झेंडा, वेग कमी, सगळे पुन्हा गोळा, आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्या असल्या तरी शर्यत हिरव्या झेंड्याखाली संपावी म्हणून आणखी दोन फेऱ्यांचा प्रयत्न. पुन्हा अपघात, पुन्हा प्रयत्न. २०१९ साली डेटोनाला ३२ ट्रक निघाले आणि शेवटी चालू अवस्थेत उरले फक्त ९. ती शर्यत ऑस्टिन हिलने जिंकली. २०१७ साली शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेला मॅट क्राफ्टनचा ट्रक उलटा होऊन परत चाकांवर आला, तो सुखरूप बाहेर पडला, आणि मागून वाट काढत काझ ग्राला जिंकला. तो नुकताच १८ वर्षांचा झाला होता.

वयाचा मुद्दा लोक नेहमी काढतात. ही मालिका वर चढण्याची पायरी आहे, छोट्या ट्रॅकवर सोळा वर्षांची मुलंही उतरतात, म्हणून अपघात जास्त, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मुलं गाडी उत्तम चालवतात. त्यांना नसतो तो गर्दीत चालवण्याचा सराव, आणि तो मिळण्याची सोयच नाही. सिम्युलेटरमध्ये ट्रॅक शिकता येतो, गाडीचा तोल शिकता येतो, पण मागचा माणूस घाबरट आहे की हट्टी हे त्यात कळत नाही.

यातला धोका खरा आहे, हेही सांगायला हवं. २००० साली डेटोनाच्या पहिल्याच ट्रक शर्यतीत जेफ बोडाइनचा ट्रक मुख्य पट्ट्यावर जाळीत जाऊन आदळला, पेटला आणि गोलांट्या खात राहिला. प्रेक्षकांतही लोक जखमी झाले. बोडाइन वाचला, आणि त्याच वर्षी पुन्हा शर्यतीत उतरला. ती शर्यत माइक वॉलेसने जिंकली, पण आजही तिचं नाव काढलं की लोकांना बोडाइनच आठवतो. २०२२ साली टॅलाडेगाला जॉर्डन अँडरसनच्या ट्रकला आग लागली आणि गाडी भिंतीला टेकायच्या आधीच तो खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. भाजला, पण बचावला.

हाच अँडरसन तुमच्या ‘जो वाचतो तो जिंकतो’ला माझं उत्तर आहे. त्याचा संघ छोटा, मालक तोच, ड्रायव्हर तोच. २०२० साली डेटोनाला ग्रँट एन्फिंजरने त्याला ०.०१० सेकंदाने हरवलं. त्या वेगाला हे अंतर एक मीटरही भरत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा दुसरा आला, या वेळी बेन ऱ्होड्सच्या मागे ०.०३६ सेकंदाने. एकदा नशीब म्हणा. सलग दोनदा, अपुऱ्या पैशाच्या ट्रकमध्ये?

विजेत्यांची नावं काढून बघा. जॉनी सॉटर डेटोनाला तीनदा जिंकला: २०१३, २०१६, २०१८. टॉड बोडाइन, म्हणजे त्या जेफचा धाकटा भाऊ, २००८ आणि २००९ अशी दोन्ही वर्षं डेटोनाला जिंकला, आणि टॅलाडेगाला २००७ व २००८ मध्ये. टिमथी पीटर्सने डेटोना एकदा आणि टॅलाडेगा तीनदा घेतलं. एन्फिंजरकडे टॅलाडेगाचे दोन आणि डेटोनाचा एक विजय आहे. सोडत काढल्यासारखं असतं तर तीच तीच नावं पुन्हा आली नसती. अर्थात टेट फोगलमनसारखं उदाहरणही आहे. २०२१ साली टॅलाडेगाला शेवटच्या क्षणी जॉन हंटर नेमेचेकशी टक्कर होऊन त्याने गिरकी घेतच रेषा ओलांडली, पुढे भिंतीवर आदळला, आणि तो त्याचा पहिला विजय होता. नशिबाचा भाग असतोच. पण शेवटच्या फेरीत पहिल्या चारांत कोण असतं, तिथवर फार नशीब चालत नाही.

टॅलाडेगाचं एक वैशिष्ट्य इथे सांगतो, कारण मला स्वतःला तो ट्रॅक जास्त आवडतो. तिथे अंतिम रेषा पट्ट्याच्या मध्यावर नाही, पहिल्या वळणाच्या बाजूला बरीच पुढे आहे. शेवटच्या वळणातून बाहेर पडल्यावर रेषेपर्यंत लांब अंतर उरतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला धक्का जमवायला वेळ मिळतो. तिथे शेवटच्या वळणात पहिला असणं हे कधीकधी सगळ्यात वाईट. २०१० साली काइल बुश तिथे एरिक अल्मिरोलाला ०.००२ सेकंदाने हरवून जिंकला.

दोन्ही ट्रॅकवर आतल्या बाजूला पिवळी दुहेरी रेषा असते. तिच्या खाली उतरून जागा कमवायची नाही, आणि दुसऱ्याला तिच्या खाली ढकलायचंही नाही. २०१९ साली टॅलाडेगाला जॉनी सॉटर पहिला आला, पण त्याने रायली हर्ब्स्टला रेषेखाली ढकललं असं ठरवून विजय स्पेन्सर बॉइडला दिला गेला. आरशात बघून आडवं जाण्याची हद्द कुठे संपते, हे ती रेषा ठरवते.

आता क्लिगरमन. शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या ट्रकची मागची उंची नियमापेक्षा कमी भरली. दिसायला किरकोळ वाटतं. पण वर सांगितलेली हवा आठवा: केबिनवरून येणारी हवा स्पॉयलरवर आदळते, तोच मोठा अडथळा. मागचा भाग जितका खाली बसेल तितका स्पॉयलर त्या प्रवाहातून खाली सरकतो, अडथळा कमी होतो, वेग वाढतो. सगळ्यांची ताकद सारखी असलेल्या ठिकाणी एवढ्यावर शर्यत फिरू शकते. म्हणून मागच्या उंचीबाबत तपासनीस दयामाया दाखवत नाहीत. मुद्दाम केलं की शर्यतीच्या आदळआपटीत काही खचलं, हा प्रश्न नियम विचारत नाही. चौकटीत बसलं की नाही एवढंच बघतो. संघाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. हाइमला विजय मिळाला. पुढे त्या वर्षी त्याने एकूण १२ शर्यती जिंकून विजेतेपद घेतलं, त्यामुळे आता कोणी त्याबद्दल कुरकुर करत नाही.

मला क्लिगरमनसाठी वाईट वाटलं. टीव्हीवर पिटमधून बातम्या देणारा माणूस, छोटा संघ, याच संघासाठी त्याने २०१७ साली टॅलाडेगा जिंकलं होतं. पण निर्णय बरोबर होता. आणि हे पूर्वीपासून असं नव्हतं. २०११ साली डेटोनाला मायकल वॉल्ट्रिप जिंकला तेव्हा त्याच्या ट्रकच्या स्पॉयलरचा एक भाग मोडून लोंबलेला साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिला. तोही फायदाच, हवेचा अडथळा कमी. तरी विजय कायम राहिला. त्या दिवशी १८ फेब्रुवारी होती. बरोबर दहा वर्षांपूर्वी वॉल्ट्रिपने डेटोना ५००, म्हणजे कप मालिकेची तिथली मोठी शर्यत, जिंकली होती आणि त्याच शर्यतीच्या शेवटच्या वळणात दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्टचा अपघातात मृत्यू झाला होता. अशा रात्री विजय काढून घ्यायला कोणाचा हात धजला असता असं मला वाटत नाही. विजेत्याला तपासणीत नापास केल्यास विजयच काढून घ्यायचा, हा कडक नियम २०१९ पासूनचा. त्याचा पहिला फटका त्याच वर्षी आयोवाच्या ट्रक शर्यतीत रॉस चॅस्टेनला बसला, तेव्हा समोरची उंची कमी भरली होती.

तुम्ही जाता जाता विचारलंय की यात कोणी भारतीय उतरला का. हो, नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये जाऊन आलेला हा कोइम्बतूरचा गडी २०१० साली या ट्रक मालिकेत उतरला, पहिली शर्यत मार्टिन्सव्हिलला, म्हणजे सुपरस्पीडवेच्या अगदी उलट, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, आणि तेरावा आला. त्या वर्षी प्रेक्षकांच्या मतदानात मालिकेतला सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर तोच ठरला. मतं कुठून पडली असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा पहिल्या ट्रकवरची नजर काढून प्रत्येक रांगेतल्या दुसऱ्या ट्रकवर ठेवा. तो पुढच्याला चिकटलाय की मध्ये गाडीभर जागा सोडतोय ते बघा. शेवटच्या पाच फेऱ्यांत त्याने मुद्दाम मागे राहून जागा केली, तर तो धावत येण्यासाठी जागा मोकळी करतोय, आणि पुढच्याच्या आरशात ते दिसत असतं. डेटोनाची शर्यत फेब्रुवारीत तिथल्या शुक्रवारी रात्री असते, आपल्याकडे शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. पहिले दोन टप्पे चुकले तरी चालतील. साडेसातपर्यंत मात्र टीव्हीसमोर बसा.